विमा एजन्सी घेऊ का? नातेवाईकांची धास्ती आणि तेराव्या महिन्याचा हिशेब

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या ताई छत्तीस वर्षांच्या, बी.ए. झालेल्या. लग्नानंतर दहा वर्षं घरच सांभाळलेलं. मिस्टर सरकारी कार्यालयात लिपिक. एका आयुर्विमा कंपनीच्या विकास अधिकाऱ्याने (म्हणजे एजंट जमवून त्यांच्याकडून धंदा करून घेणाऱ्याने) त्यांना एजन्सी घ्यायचा आग्रह केला होता आणि वर धीरही दिला होता : "पहिल्या दहा पॉलिसी तर मिस्टरांच्या ऑफिसातच निघतील." ताईंची काळजी वेगळीच होती. "मी एजंट झाले की नातेवाईक माझा फोन उचलणं बंद करतील. आणि एवढं करून परीक्षेतच नापास झाले तर?" हे दोन प्रश्न आमच्याकडे नेहमी जोडीनेच येतात.

परीक्षेचा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी घेतला. लोक अजूनही लायसन्स म्हणतात, पण २०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून वैयक्तिक एजंटाला विमा नियामक प्राधिकरण (आयआरडीएआय) परवाना देत नाही. त्याच्या नियमांनुसार कंपनीच नेमणूक करते आणि एजन्सी कोड देते. वय किमान १८, शिक्षण दहावी पास. कंपनीचा अर्ज भरायचा, पॅन, आधार, दहावीचं प्रमाणपत्र, फोटो आणि बँक खात्याचा पुरावा जोडायचा. मग साधारण २५ तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर आयसी-३८ या अभ्यासक्रमावरची संगणकावरची परीक्षा. पन्नास प्रश्न, एक तास, पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ उत्तरं बरोबर हवीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मराठीतून देता येते, मात्र मराठी पुस्तकाची भाषा बोजड आहे. म्हणून 'विमायोग्य हितसंबंध' (insurable interest), 'परम सद्भाव' (utmost good faith) असे शब्द वहीत इंग्रजी शब्दाशेजारी लिहून ठेवायला सांगितलं. नापास होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी प्रशिक्षणाचे व्हिडिओ नुसते पुढे ढकलून तास भरलेले असतात. पुन्हा फी भरून पुन्हा बसता येतं. पास झाल्यावर मात्र वर्षानुवर्षं थांबू नये. पहिल्या नेमणुकीसाठी तो निकाल १२ महिनेच चालतो.

ताईंचं काम खरं अडलं असतं ते नावावर. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. असा अर्ज कंपनीच्या पडताळणीत परत येतो आणि तोवर प्रशिक्षणाची तुकडी निघून जाते. लग्नाची नोंदणी करून घ्या, आधार आणि पॅन एकसारखे करा, मगच अर्जाला हात लावा, असं त्यांना सांगितलं.

मग विषय निघाला मिस्टरांच्या ऑफिसचा. विकास अधिकाऱ्याने न सांगितलेली गोष्ट इथे होती. सरकारी कर्मचाऱ्याच्या पत्नीने एजन्सी घ्यायला हरकत नाही, पण वर्तणूक नियमांप्रमाणे ते कार्यालयाला कळवावं लागतं. आणि कर्मचाऱ्याने स्वतः बायकोच्या एजन्सीसाठी गिऱ्हाईक जोडणं हा नियमभंग धरला जातो. "एजन्सी तुझ्या नावावर, धावपळ मी करतो" ही अनेक घरांतली सोय याच कारणाने धोक्याची. मिस्टरांच्या साहेबांनी भिडेखातर घेतलेली पॉलिसी पुढच्या बदलीला बंद पडते, हा भाग आणखी निराळा. त्या दहा पॉलिसी हिशेबातून काढून टाकल्या.

हिशेब कागदावर मांडला तेव्हा नातेवाईकांची भीतीही आपोआप बरीच ओसरली. ताईंना घरखर्चाला महिना १२,००० रुपये हवे होते. कमिशन प्रत्येक कंपनीत आणि प्रत्येक योजनेत वेगळं असतं. उदाहरणासाठी पहिल्या वर्षाचं २० टक्के धरलं. वार्षिक हप्ता २०,००० चा असेल तर एका पॉलिसीमागे ४,०००, म्हणजे महिन्याला तीन पॉलिसी. दहा जणांशी बोलल्यावर एक घेतो असं मानलं, तर महिन्याला तीस नवी माणसं, वर्षाला तीनशे साठ. ताईंनी तिथेच बसून नातेवाईक आणि मैत्रिणींची यादी केली. ती साठाच्या आत संपली. म्हणजे अख्खं गणगोत पालथं घातलं तरी काम दोन महिन्यांचं. धंदा अनोळखी माणसांवरच उभा राहणार असेल, तर नात्यात तोंड वाईट करून घ्यायचं कशाला?

याच हिशेबात एक खड्डा आहे. गिऱ्हाइकाने वार्षिकऐवजी मासिक हप्ता निवडला, तर कमिशनही हप्ता येईल तसंच येतं. २०,००० चे बारा भाग केले की हप्ता १,६६७ आणि हातात महिन्याला सुमारे ३३३. त्यातूनही कराची कपात होऊ शकते. शिवाय पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत गिऱ्हाइकाला ती परत करता येते, आणि तसं झालं की मिळालेलं कमिशन कंपनी वळतं करून घेते. म्हणून पहिलं कमिशन महिनाभर खर्चात धरू नये. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय, किंवा घरात दुसरी मिळकत असल्याशिवाय, या कामावर संसार टाकू नये असं आमचं मत आहे. चालू नोकरी सोडून येणाऱ्यांना तर आम्ही सरळ थांबवतो.

नातेवाईकांशी बोलायचं कसं? ताईंना एकच वाक्य पाठ करायला दिलं : "मी हे काम सुरू केलंय, तुमच्याकडे पॉलिसी मागायला आलेली नाही, घरातल्या जुन्या पॉलिसी काढून ठेवा, मी तपासून देते." जुन्या फायलींत काय काय सापडतं! नॉमिनी म्हणून वारलेली आई, दोन घरांपूर्वीचा पत्ता, बंद झालेला मोबाइल नंबर, मुदत संपूनही न घेतलेले पैसे, कधीच बंद पडलेली पॉलिसी. ही दुरुस्ती करून देणाऱ्या बाईचा फोन लोक उचलतात, आणि पुढे शेजाऱ्यालाही नंबर देतात. अट एकच : तपासताना कुणाची चालू पॉलिसी मोडून स्वतःची गळ्यात मारायची नाही. तसं करायला भाग पाडणं एजंटाच्या आचारसंहितेत थेट निषिद्ध आहे.

"पण लोक पहिला हप्ता तुम्हीच भरा म्हणतात ना?" ताईंनी विचारलं. म्हणतातच. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ ने कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला देण्यास बंदी आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीने त्याचा दंड दहा लाख रुपयांपर्यंत नेला. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याने स्वतःचे पैसे घातले नाहीत, तो दुसरा हप्ता भरत नाही. गेलेला हप्ता एजंटाचा, बंद पडलेली पॉलिसीही एजंटाच्याच खात्यावर. सुरुवातीच्या वर्षात एजंट कर्जात जातात ते बहुधा या वाटेने, आणि महिनाअखेरीचं टार्गेट गाठायला वरिष्ठच ही वाट दाखवतात. विकास अधिकाऱ्याचा पगार आणि बढती तुमच्या धंद्यावर असते, हे मनात ठेवून त्याचा सल्ला ऐकावा.

कंपनी एजंटाला मोजते ती तेराव्या महिन्यात : वर्षापूर्वी विकलेल्या पॉलिसींपैकी किती जणांनी दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला. पुढे पंचविसावा, सदतिसावा, असं एकसष्टाव्या महिन्यापर्यंत मोजमाप चालतं. दुसऱ्या वर्षापासून कमिशनचा दर बराच उतरतो, पण नवी माणसं न शोधता येणारा पैसा तोच. त्यासाठी विकतानाच काळजी घ्यावी लागते. गिऱ्हाइकाला आठ हजार झेपत असतील तर वीस हजारांचा हप्ता बसवायचा नाही. प्रस्ताव अर्जावर मोबाइल नंबर गिऱ्हाइकाचाच. सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकणारे एजंट आहेत, मग हप्त्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाही. हप्त्याची तारीख चुकली तर वार्षिक, सहामाही आणि तिमाहीला ३० दिवस, मासिकला १५ दिवस सवलत असते. तारखांची वही पहिल्या पॉलिसीपासून ठेवावी.

अर्जातले आरोग्याचे प्रश्न मोठ्याने वाचून उत्तरं लिहायची. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, आधीची शस्त्रक्रिया. "हे लिहिलं तर केस अडकेल" म्हणून गाळायला सांगणारे भेटतील. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत कंपनी लपवलेल्या माहितीवरून दावा नाकारू शकते. तेव्हा ज्या घरातलं माणूस गेलं, ते घर कंपनीच्या नाही, एजंटाच्या दारात येतं.

ताईंनी एक आयुर्विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी घ्यायचं ठरवलं. कायद्याने एका एजंटाला आयुर्विमा, सर्वसाधारण विमा आणि आरोग्य विमा यांतली प्रत्येकी एकच कंपनी घेता येते. आयुर्विम्याला नाही म्हणणारी माणसं दवाखान्याच्या बिलावर बोलायला तयार असतात, त्यामुळे ही जोडी नवख्या एजंटाला बरी पडते. फक्त आरोग्य विम्याचा दावा आजारपणात, अवेळी येतो. रात्री अकराचा फोन उचलायची तयारी हवी. ती आहे, असं ताई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी विचारलं, नाहीच जमलं तर? लेखी राजीनामा द्यायचा, ओळखपत्र आणि नेमणूकपत्र परत करायचं आणि कंपनीकडून एजन्सी संपल्याचं प्रमाणपत्र मागून घ्यायचं. काम थांबवलं आणि कागद केलाच नाही, तर तो कोड पॅनवर तसाच राहतो आणि उद्या दुसऱ्या कंपनीत अर्ज केला की तिथे अडतो. आणि जाण्याआधी आपल्या गिऱ्हाइकांना शाखेचा फोन नंबर आणि पुढच्या हप्त्याची तारीख लिहून द्यायची.