आधी नकाशा काढ

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चिकित्सक भूगोलात, म्हणजे जागा आणि नकाशांमागची सत्ता तपासणाऱ्या अभ्यासात राहू, की जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र शिकून नोकरी धरू, असं विचारतेस. प्रश्नच चुकलाय. नकाशा काढ, मग बोलू.

हे दोन रस्ते वेगळे आहेत हे तुला सांगितलं कुणी? विल्यम बंगी या अमेरिकन भूगोलतज्ज्ञानं १९६२ साली भूगोलाला गणिताच्या चौकटीत बसवणारं पुस्तक लिहिलं आणि त्याच दशकात तो डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्तीत उतरला. तिथल्याच ग्वेन्डोलिन वॉरन या तरुण मुलीबरोबर त्यानं काम उभं केलं. कामावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांखाली वस्तीतली मुलं कुठं सापडतात, याचा नकाशा त्यांच्या गटानं काढला. थोडे रस्ते, ठिपके आणि एक झणझणीत मथळा. बास. डेव्हिड हार्वे या भूगोलतज्ज्ञाचंही तेच: १९६९ मध्ये शास्त्रीय पद्धतीवर जाडजूड ग्रंथ, १९७३ मध्ये शहर आणि सामाजिक न्याय. मोजणं त्यांना येत होतं, म्हणून भांडता आलं.

आम्ही मात्र दुसऱ्यांच्या नकाशांची चिरफाड करण्यात हयात घालवली. मोजपट्टी धरणारा तो सत्तेचा माणूस, असं मी वर्गात ठासून सांगायचो. मग एका वस्तीच्या सुनावणीला लोक मला घेऊन गेले. टेबलावर सरकारी नकाशा, वस्तीच्या जागी सपाट हिरवा रंग. एका बाईंनी त्यावर बोट ठेवून मला विचारलं, "यात माझं घर कुठं आलं?" माझ्या पिशवीत चाळीस पानांचा निबंध होता. घर दाखवायला काही नव्हतं.

तेव्हा साधनं महाग होती, असं मी सांगत आलोय. खोटं नाही ते. पण कागद आणि फूटपट्टी होतीच की! आणि तो निबंधही वाया गेला असं समजू नकोस. हिरवा रंग कुणाच्या सोयीचा, हे त्या वाचनानंच कळलं. नुसतं सॉफ्टवेअर शिकलीस, तर उद्या तो रंग तूच भरशील. तेव्हा वाच. पण काढ.

आता नकाशे काढायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, उपग्रहांची कितीतरी चित्रं फुकट आहेत. फोनवर कुठली गल्ली दिसावी हे कंपन्या ठरवतात. या विषयाचं पुढं काय, म्हणून विचारलंस ना? भांडण तिथं आहे.

नोकरीचं म्हणशील तर बंगीची गेली; पुढं कॅनडात त्यानं टॅक्सी चालवली. घाबरवत नाही, तू विचारलंस म्हणून.

पुढच्या पत्रात प्रकरणांची रूपरेषा नको. ज्या वस्तीवर लिहितेस, तिथले पाण्याचे नळ आणि तिथवर जाणाऱ्या पायवाटा हातानं काढून पाठव. वाकडं चालेल.