एसी गार करत नाही, पाणीही टपकतं. मेकॅनिक म्हणतो गॅस संपला. भरून घेऊ का?

तुमचं म्हणणं असं, की तीन वर्षांचा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट आहे, यंदा खोली गारच होत नाही, आतल्या युनिटखाली भिंत ओली होते, आणि आलेल्या माणसाने पाइपला हात लावून ‘गॅस संपलाय, साडेतीन हजार’ सांगितलं. मी ठाण्यात बावीस वर्षं हीच कामं करतो. आमच्याच लोकांच्या पोटावर पाय येईल, पण आज भरू नका.

एसीतला गॅस काही शेगडीचा गॅस नव्हे, जळून संपायला. बंद नळीत तोच तो गॅस खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि परत येतो. नळी शाबूत असेल तर दहा वर्षांनीही तो तेवढाच असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने पुन्हा जाणार. मी शिकाऊ असताना आमचे उस्ताद एप्रिल-मेमध्ये दिवसाला सात-आठ घरी ‘टॉप-अप’ मारायचे. गेज, म्हणजे दाब मोजणारं मीटर लावायचं, अर्धा मिनिट व्हॉल्व्ह उघडायचा, पैसे घ्यायचे. त्यातल्या कित्येक घरांत नुसत्या हवेच्या जाळ्या (फिल्टर) धुवायला हव्या होत्या. मीही मारलेत, खोटं कशाला बोलू.

तुमच्या प्रश्नात मला महत्त्वाचं वाटलं ते पाणी. ते कधी पडतं? एसी चालू असताना थेंब थेंब पडत असेल तर बहुतेक ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर नेणारा पाइप तुंबलाय. बंद केल्यावर एकदम ओघळत असेल तर आत कॉइलवर, म्हणजे गॅसच्या थंड नळ्यांवर, बर्फ धरतोय आणि तो वितळतोय. बर्फ गॅस कमी झाल्यानेही धरतो, आणि कॉइलवरून हवा नीट न फिरल्यानेही. हवा अडली की खोलीला गारवा मिळत नाही आणि कॉइल मात्र गोठत जाते. तुमची दोन्ही लक्षणं यात बसतात.

म्हणून आधी मेन स्विच बंद करून वरचं झाकण उघडा, जाळ्या काढा, मागच्या बाजूने नळाचं पाणी मारा, सावलीत वाळवा. उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी, घर रस्त्यालगत असेल तर दर आठवड्याला. मग मोबाइलचा टॉर्च हवा बाहेर येते त्या फटीतून आत मारा. तिथे लांबुळका ब्लोअर दिसेल. त्याच्या पात्यांवर काळा थर असेल तर जाळ्या धुऊन भागणार नाही, जेट पंपाने सर्व्हिस करून घ्या. बर्फ दिसला तर फॅन मोडवर दोन-तीन तास चालवून वितळू द्या. एका काकांनी तो सुरीने खरवडला होता. कॉइलला भोक पडलं आणि तेव्हा मात्र गॅस खरोखरच गेला.

ड्रेन पाइपचं बाहेरचं टोक बघा. झाडांना पाणी मिळावं म्हणून लोक ते कॅनमध्ये सोडतात. टोक पाण्यात बुडलं की पाइपात हवा अडकते आणि पाणी उलटं घरात येतं. टोक मोकळं हवं, पाइपला सलग उतार हवा. आत शेवाळी चिकटा असेल तर बाहेरच्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावून ओढून घ्या. ओला कचरा ओढणारा असला तरच, नाहीतर क्लीनर जाईल.

एवढं झालं की २४वर लावून वीस मिनिटं चालवा. १६वर नको, त्याने कॉइल आणखी गोठायला मदत होते. शिवाय तापमान वर नेलं की एकेका अंशाला साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरोच सांगतो. २०२० पासून नवे एसी मुळात २४वरच चालू होतात ते त्याच्याच नियमामुळे. आता साधा डिजिटल थर्मामीटर आधी वरच्या जाळीजवळ धरा, मग हवेच्या झोतात. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅस ठीक आहे. दमट हवेत हा फरक थोडा कमी भरतो.

बाहेरचं युनिटही बघा, पण ग्रिलबाहेर वाकून नव्हे. आमच्याकडे निम्म्या तक्रारी कबुतरांच्या: मागच्या जाळीत पिसं, घरट्याच्या काड्या, विष्ठा. तिथून हवा ओढली गेली नाही की उष्णता बाहेर पडायची कशी? खिडकीतून दिसत असतील तर युनिटला जोडलेले दोन पाइपही बघा. चालू असताना दोन्हींवर घाम येत असेल तर बरं. बारीक पाइपवर पांढरा बर्फ आणि जाडा कोरडा, कोमट असेल तर मात्र गॅस कमी असल्याचा संशय खरा.

तसं निघालं तर ‘टॉप-अप’ला नाही म्हणा. आधी पाइपांच्या जोडांवरच्या नटांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायला सांगा. जोडाशी तेलाचा डाग असेल तर गळती तिथेच असते. तिथे नसेल तर नायट्रोजनचा दाब देऊन कॉइल तपासायची. नाल्या-खाडीकाठच्या इमारतींत गटारी वायूने तांब्याची कॉइल कुरतडली जाते, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दुरुस्तीनंतर नळीतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालला पाहिजे, आणि गॅस वजनकाट्यावर मोजून, युनिटच्या पट्टीवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम. इन्व्हर्टरचा कंप्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, वेग बदलत असतो, त्यामुळे नुसत्या गेजवर भरणारा अंदाजानेच भरतो. पट्टीवर गॅसचं नाव आर-३२ असेल तर तो पेट घेऊ शकतो. आत गॅस असताना कुणाला वेल्डिंग करू देऊ नका. बोलावण्याआधी वॉरंटी कार्डही काढा. कंप्रेसरची १० वर्षं लिहिलेली असली तरी कॉइल त्यात येतेच असं नाही.

आज रात्री जाळ्या धुऊन एसी लावा आणि पाणी चालू असताना पडतं की बंद केल्यावर, एवढं खाली लिहा. पाइप दिसत असतील तर बारीक पाइप घामेजलाय की पांढरा झालाय, तेही सांगा.