लेखाची झेरॉक्स मागितली तर ग्रंथालय म्हणतं "कॉपीराइट आहे"

प्रश्न : मी लातूरला असते, मराठीत पीएचडी चालू आहे. एका जुन्या त्रैमासिकातला १४ पानांचा लेख आणि एका पुस्तकातलं एक प्रकरण हवं होतं, दोन्ही पुण्यातल्या एका ग्रंथालयात आहेत असं कळलं म्हणून मेल केला. उत्तर आलं, कॉपीराइट आहे, पाठवता येणार नाही, इथे येऊन वाचा. हे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, इतकं सरसकट नाही म्हणायची काहीच गरज नव्हती. मी स्वतः २६ वर्षं ग्रंथालयाच्या काउंटरवर बसलोय, आणि १४ पानांसाठी कुणाला लातूर-पुणे करायला लागावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ५२ म्हणजे काय केलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही त्याची यादी आहे, आणि त्यात अगदी पहिलंच पोटकलम, ५२(१)(ए), असं सांगतं की खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, त्यात संशोधनही आलं, एखाद्या साहित्याचा रास्त वापर केला तर तो भंग नाही. याला आपल्याकडे फेअर डीलिंग म्हणतात, फेअर यूज हा अमेरिकेतला शब्द, आपण सगळे तोच वापरतो तो भाग वेगळा. एका अंकातला एक लेख, एका पुस्तकातलं एक प्रकरण, एकच प्रत, एका अभ्यासकासाठी, यापेक्षा रास्त अजून काय असणार?

मग ग्रंथपाल का घाबरतात? तर कायद्यात डॉक्युमेंट डिलिव्हरी, म्हणजे ग्रंथालयाने वाचकाला प्रत काढून पाठवणं, असा शब्दच नाही. तुम्ही स्वतः जाऊन पानं उतरवून घेतलीत तर कुणी काही बोलत नाही, पण तेच काम ग्रंथालयाने तुमच्यासाठी करून पोस्टाने पाठवलं की आपल्यावर केस होईल अशी भीती वाटते. आणि "१० टक्केच चालतं" हे जे सगळीकडे ऐकू येतं ना, असा कुठलाही टक्का आपल्या कायद्यात लिहिलेला नाही.

दिल्लीची केस आठवत असेल. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला, कारण तिथे वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून मुलांना दिली जात होती. सप्टेंबर २०१६ मध्ये हायकोर्टाने दावा फेटाळला, डिसेंबरमध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानेही अशा प्रती काढायला तत्त्वतः मोकळीक दिली, शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं चालतं, किती पानं हा प्रश्न नाही असं म्हटलं, फक्त त्या अभ्यासक्रमाला ते खरंच लागत होतं का हे तपासायला केस परत खाली पाठवली, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. पण एक सांगायलाच हवं, तो निकाल शिकवण्याच्या पोटकलमावर, ५२(१)(आय) वर आहे, ग्रंथालयाने टपालाने प्रत पाठवण्यावर नाही. त्यामुळे पुण्याला तो निकाल दाखवून भांडू नका, ५२(१)(ए) दाखवा.

असं करा, पुन्हा एक अर्ज पाठवा. लेखाचं नाव, अंक, वर्ष, पान नंबर, आणि खाली "ही एक प्रत मला फक्त माझ्या संशोधनासाठी हवी आहे, मी ती पुढे वाटणार नाही" असं लिहून सही. झेरॉक्स आणि टपालाचा खर्च देते म्हणा. अशी चिठ्ठी फाइलला असली की ग्रंथपालाचाही जीव भांड्यात पडतो, हे मी अनुभवाने सांगतोय. तुमचं कॉलेज डेलनेटचं, म्हणजे एकमेकांना पुस्तकं-लेख देणाऱ्या ग्रंथालयांच्या जाळ्याचं, सभासद असेल तर तुमच्या ग्रंथपालांमार्फतही मागवून बघा.

प्रश्न : आमचं तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय आहे. एक जुनं स्थानिक इतिहासाचं पुस्तक आमच्याकडे आहे, आता कुठेच विकत मिळत नाही आणि पानं तुटायला लागलीत. स्कॅन करून वाचकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर चालेल का?

उत्तर : स्कॅन करा, जरूर करा, ग्रुपवर मात्र टाकू नका. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयासाठी कायद्यात दोन सोयी आहेत. पुस्तक भारतात विक्रीला नसेल तर ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त ३ प्रती काढता येतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर, छापील प्रत तुमच्याकडे असेल तर जतन करण्यासाठी डिजिटल प्रतही ठेवता येते. एक झेरॉक्स बांधून वाचकांना द्या, मूळ प्रत कपाटात ठेवा.

त्याआधी लेखक कधी वारले ते बघा. मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो आणि ती पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं साहित्य १ जानेवारी २०११ पासून खुलं झालं. तुमचं पुस्तक तसं असेल तर ग्रुपवर टाका, फक्त नव्या आवृत्तीची प्रस्तावना किंवा टिपा दुसऱ्या कुणाच्या असतील तर तेवढ्या वगळा.

प्रश्न : आमच्या कॉलेजला ई-जर्नल्स आहेत. शेजारच्या कॉलेजातले सर पीडीएफ मागतात, मेल करू का?

उत्तर : मॅडम, इथे आधी लायसन्स बघायचं. ई-जर्नल आपण विकत घेत नाही, करार करून वापरतो, आणि दुसऱ्या ग्रंथालयाला प्रत द्यायची का, द्यायची तर प्रिंट काढून की मेलने, हे बऱ्याचदा त्या करारातच लिहिलेलं असतं. तो कागद मागवून घ्या. पासवर्ड मात्र कुणालाही देऊ नका, कितीही ओळखीचे असले तरी, कारण प्रकाशकाने अॅक्सेस बंद केला की तुमच्याच मुलांचं नुकसान होतं. सरांचं कॉलेज सरकारी असेल तर आधी वन नेशन वन सबस्क्रिप्शन, ही सरकारी संस्थांना ई-जर्नल्स देणारी केंद्र सरकारची योजना, बघायला सांगा, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, कदाचित तोच लेख त्यांना तिथेच मिळेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. इथल्या लायब्ररीने सांगितलं की एका जर्नलचे वर्षाला पाचच लेख बाहेरून मागवता येतात. पुण्यातही हाच नियम आहे का?

उत्तर : नाही, तो तिकडचा. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातल्या, ग्रंथालयांसाठीच्या कलम १०८ ला धरून १९७०च्या दशकात एका आयोगाने ठरवलेली ही मार्गदर्शक मर्यादा आहे, एका ग्रंथालयाने एका नियतकालिकातले गेल्या ५ वर्षांतले लेख कॅलेंडर वर्षात ५ पर्यंत मागवावेत अशी. ५ वर्षांहून जुन्या लेखांना ती लागू नाही, तेव्हा जुनं काही हवं असेल तर परत विचारा.