घराबाहेर पडायचं म्हटलं की छातीत धडधडतं, भाजी आणायलाही जाववत नाही. गोळ्या न घेता यातून बाहेर येता येतं का?

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: "घरचे म्हणतात, एकदा धरून बाहेर नेलं की भीती आपोआप जाईल." ते वाचलं आणि राहवलं नाही. गोळ्यांचं नंतर बघू.

मी डोंबिवलीचा. एकोणीस वर्षं फास्ट लोकलने भायखळ्याला नोकरीला जात होतो, दारात लटकूनही गेलोय. २०१५ च्या पावसाळ्यात पारसिकच्या बोगद्यात गाडी सिग्नलला थांबली. तेव्हा फास्ट गाड्या त्या बोगद्यातूनच जायच्या. बोगदा आहे १.३ किलोमीटरचा, एरवी मान वर करेपर्यंत संपतो. त्या दिवशी पाचसात मिनिटं गेली असतील. हात बधिर, घाम, श्वास वरच्या वर, आणि आपण आता इथेच जाणार याची पक्की खात्री. ठाण्याला उतरून रिक्षाने थेट हॉस्पिटल. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. "गॅस असेल," म्हणाले.

मग मी फास्ट सोडली. स्लो मुंब्र्यावरून जाते, पारसिकचा बोगदा लागत नाही. दोन महिन्यांनी स्लोही नको वाटायला लागली. मग स्टेशनचा पूल, मग भाजी मंडई. दिवाळीपर्यंत मी बिनपगारी रजेवर आणि सोसायटीचं गेट म्हणजे माझी हद्द. दूध, भाजी, बँक सगळं बायको करायची. माझ्या प्रेमापोटीच करायची, पण त्या सोयीनेच माझं दुखणं पोसलं, हे स्पष्ट सांगतो. तिलाही सांगितलंय.

आता भावोजी. ताईचे यजमान, माणूस लाखाचा, पण प्रत्येक गोष्टीवर एकच औषध: धक्का. "हे बायकी चाळे आहेत," म्हणाले. (या प्रकाराला अ‍ॅगोराफोबिया हे नाव १८७१ साली वेस्टफाल नावाच्या जर्मन डॉक्टरने दिलं, आणि ज्या रुग्णांवरून दिलं ते तिघेही पुरुष होते. हे मला तेव्हा माहीत असतं तर!) भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला दादरला जायचं होतं. भावोजींनी दंड धरून मला फास्टमध्ये चढवलं. बोगद्यात मी डोळे मिटून त्यांचा शर्ट पकडून उभा होतो. ठाण्याला उतरून प्लॅटफॉर्मवर ओकलो. तरी दादरला नेलंच. साड्यांच्या दुकानात दोन तास गादीवर पडून होतो आणि दुकानातली पोरं मला लिंबूपाणी पाजत होती.

आज प्रत्येक घरगुती कार्यात ते ही गोष्ट सांगतात. "मी नेला म्हणून सुधारला." गोष्ट दादरला संपते. त्यानंतर चार महिने मी गेटपर्यंतसुद्धा गेलो नाही, हे त्यात नसतं.

सुधारलो तो कोपर स्टेशनवर. ठाण्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाई होत्या, सुरुवातीला फोनवरच बोलायच्या. त्यांनी मला भीतीची शिडी लिहायला लावली, शंभरपैकी मार्क देऊन. गेट २०, डेअरी ३०, मंडई ४५, पूल ५५, स्लोने कोपर ६५. बोगदा अर्थात १००. नियम एकच: घाबरल्यावर उलटं फिरायचं नाही. भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. कारण ऐन भीतीत घरी पळालात की जी सुटका वाटते, ती मेंदूला शिकवते की बाहेर खरंच धोका होता. भीतीचा अटॅक पहिल्या दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतोच. पण ते उतरणं बघायला माणूस तिथे थांबायला हवा ना!

कोपर म्हणजे डोंबिवलीनंतरचं पहिलं स्टेशन, जेमतेम तीन मिनिटं. पहिल्या दिवशी मी तिथल्या बाकावर चाळीस मिनिटं बसलो. वरच्या प्लॅटफॉर्मवर वसईची गाडी येऊन गेली, मी मोजत होतो. धडधड कमी झाल्यावर वडापाव खाल्ला आणि परत आलो. असं अकरा दिवस, रोज. मग पुढचं दिवा स्टेशन. बोगद्यापर्यंत पोचायला सात महिने लागले.

त्या वेळी खिशात एक गोळी असायची, अटॅक आला तर घ्यायची म्हणून. कधीच घेतली नाही, पाकिटावरची अक्षरं पुसून गेली. बाईंनी तीही घरी ठेवायला लावली, पाण्याची बाटलीही. कुबडी हातात असेल तर पाय आपले आहेत हे कळत नाही, म्हणाल्या.

तुमच्या गोळ्यांच्या प्रश्नावर. मी डॉक्टर नाही, हिशेबनीस आहे. गोळीशिवाय येता येतं, अनेक जण येतात. मी आलो नाही. खिशातली ती गोळी सोडून एक रोजची गोळीही होती, चौदा महिने घेतली. तिचा गुण यायला महिनाभर लागला आणि बंद करतानाही डॉक्टरांनी हळूहळू केली. तिच्यामुळे त्या बाकावर बसवलं तरी. झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची मात्र सवय लागते, त्या मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने घेऊ नका. आणि आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या, धडधड त्यानेही होते. बाहेर पडताच येत नसेल तर १४४१६ ला फोन करा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. जगणंच नको वाटत असेल तर आजच करा.

घरच्यांना मात्र सांगा, बरोबर यायचं तर दंड न धरता यायचं, आणि कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवणार. तुमच्याकडेही कुणी भावोजी असतीलच.

आमचे भावोजी हे वाचत असतील तर: चार महिने आणि सहा दिवस. डेअरीच्या वहीत तारखा आहेत, दूध बायको आणत होती.