सुई टोचल्यावर रुग्णाच्या अहवालासाठी थांबू नका

रक्त घेऊन झाल्यावर सुईवर टोपण परत बसवताना ती बोटात गेली, रुग्णाच्या तपासण्या अजून व्हायच्या आहेत आणि वॉर्डच्या सिस्टर रागावतील म्हणून आपण कोणालाच सांगितलेले नाही, असे आपण लिहिले आहे. उद्या रुग्णाचा अहवाल येईपर्यंत थांबावे का, या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. आत्ताच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना किंवा संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणाऱ्या परिचारिकेला सांगा आणि घटनेची नोंद करून घ्या.

घाईचे कारण एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध हे आहे. विषाणू शरीरात पक्के ठाण मांडण्यापूर्वी ते पोटात जावे लागते. शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत. ते २८ दिवस घ्यायचे असते, पण रुग्णाला संसर्ग नाही असे तपासणीतून ठरले, तर लगेच बंद करता येते. उशिरा सुरू केल्याने झालेले नुकसान मात्र नंतर भरून निघत नाही.

प्रत्यक्ष धोका आपल्याला वाटतो आहे त्यापेक्षा कमी आहे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर, औषध न घेता, संसर्ग होण्याचे प्रमाण सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन इतके आढळले आहे. जखम खोल असेल, सुईवर रक्त दिसत असेल, ती थेट रक्तवाहिनीतून आलेली असेल किंवा रुग्णाचा आजार फार पुढे गेलेला असेल, तर ते वाढते. आपली सुई पोकळ होती आणि नुकतीच शिरेतून निघाली होती, त्यामुळे डॉक्टरांना हा तपशील आवर्जून सांगा.

मला अधिक काळजी हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची वाटते, कारण त्याबद्दल आपण काहीच विचारलेले नाही. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचल्यास संसर्गाचे प्रमाण ६ ते ३० टक्के असते, आणि हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. आपले तीन डोस पूर्ण झाले आहेत का, आणि त्यानंतर अँटिबॉडीची, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक प्रथिनांची, पातळी तपासली होती का? ती १० mIU/mL (अहवालातले एकक) किंवा त्याहून अधिक आलेली असेल, तर या आजारापुरते आपण निश्चिंत राहू शकता. डोस पूर्ण करून पातळी कधीच न तपासलेले अनेक सहकारी मी पाहिले आहेत, आणि हा प्रश्न नेमका सुई टोचल्यावरच उभा राहतो. लस झालीच नसेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार अँटिबॉडींचे, इंजेक्शनही लागू शकते, आणि तेही शक्यतो २४ तासांत.

हिपॅटायटिस सीसाठी लसही नाही आणि प्रतिबंधक औषधही नाही. त्याचा धोका दोन टक्क्यांहून कमी आहे, आणि संसर्ग झालाच तर आजच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. त्यासाठी ठरलेल्या वेळी तपासणीला जाणे पुरेसे आहे.

जखम साबण आणि पाण्याने धुतलीत, ते योग्यच केले. आता ती दाबून रक्त काढू नका आणि तिच्यावर ब्लीच किंवा तत्सम काही ओतू नका.

सिस्टरांच्या रागाविषयी मी ठामपणे सांगते, की सुई टोचणे हा गुन्हा नाही. वापरलेल्या सुईवर टोपण बसवू नये हे खरे, परंतु सुया टाकण्याचा डबा खाटेजवळ नसेल किंवा काठोकाठ भरलेला असेल, तर ती व्यवस्थेची त्रुटी आहे, आणि नोंद झाल्याशिवाय ती कोणाच्या लक्षात येणार नाही. शिवाय आजच आपले रक्त तपासले गेले नाही, तर पुढे संसर्ग आढळल्यास तो या कामातूनच झाला हे दाखवणे अवघड जाईल.

औषध सुरू झाल्यावर मळमळ किंवा थकवा जाणवू शकतो. त्यामुळे स्वतःहून औषध सोडू नका, डॉक्टरांशी बोला. पुढच्या तपासण्या साधारण सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी होतील. शेवटचा अहवाल हाती येईपर्यंत रक्तदान करू नका आणि शरीरसंबंधात कंडोम वापरा. आपण गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.