पलंगाखालची चित्रं

"मॅडम, माझ्यात सातत्यच नाही." समुपदेशक म्हणून हे वाक्य मी आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकते. कुणाचा रियाज सुटलेला असतो, कुणाची ठाण्याच्या तलावपाळीवरची सकाळची फेरी, कुणाची रोजनिशी ७ जानेवारीलाच थांबलेली. पाठोपाठ पुढचं वाक्य ठरलेलं: "पहिले चार दिवस जोरात असतं हो, मग उत्साह मावळतो." इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. गेल्या पावसाळ्यात एका ताईंनी माझी ती समजूत मोडली. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून हे लिहितेय.

ताई ५८ वर्षांच्या, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. घर उपवनच्या बाजूला, गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसतो. मुलगा पुण्याला, यजमान अजून नोकरीत. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेल्या, त्यानंतर ब्रश हातात घेतला तो थेट निवृत्तीनंतर. आता तैलरंगात रोज एक लहानसं चित्र काढायचं ठरवलेलं, सहा बाय आठ इंची कॅनव्हास बोर्डावर. एक दिवस टेबलावर मांडलेलं स्थिरचित्र, एक दिवस गॅलरीतून दिसणारा डोंगर. वर्षभरात पाच वेळा सुरुवात केली आणि पाचही वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी गाडी अडली.

"मी आळशी आहे का हो?"

तीस वर्षं सकाळची लोकल पकडणाऱ्या, डबे भरून, सासूबाईंची औषधं काढून ठेवून घराबाहेर पडणाऱ्या बाईचा हा प्रश्न.

पहिल्या तीन भेटी मी वाया घालवल्या. तक्ता करून दिला, वेळ ठरवून दिली, अलार्म लावायला सांगितला. ताईंनी तक्ता इमानेइतबारे भरला. चार खुणा, पुढे कोरे चौकोन. "एकवीस दिवस केलं की सवय लागते म्हणतात, मला एकवीस कधी गाठताच येत नाहीत," म्हणत डोळ्यांत पाणी. या एकवीस दिवसांनी जेवढ्या लोकांना रडवलंय! तो आकडा एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान एवढे दिवस लागतात, हे त्याचं निरीक्षण. त्याचं पुढे सगळ्या सवयींना लागू होणारं शास्त्र झालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांवर पाहिलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाली. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ वर गेला. आणि मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडत नव्हतं.

हे सगळं मी ताईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चारच खुणा घेऊन आल्या.

चौथ्या भेटीत मी तक्ता बाजूला ठेवला. म्हटलं, "चित्र झालं की पुढे काय करता? बारीकसारीक सगळं सांगा."

"ब्रश पुसते. रंग झाकते. टेबल आवरते. मग ह्यांचा चहा टाकते."

"आणि चित्र?"

"ते ठेवते."

"कुठे?"

त्या खिडकीकडे बघायला लागल्या. "पलंगाखाली."

इथे तैलरंगांबद्दल थोडं सांगायला हवं. मला स्वतःला हे ताईंकडूनच कळलं. जलरंगातलं पाणी उडालं की चित्र वाळतं, अर्ध्या तासात कागद फाइलमध्ये. तैलरंगात उडून जाण्यासारखं पाणी नसतं. त्यात असतं जवसाचं तेल, ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याचंच. ते हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होत जातं. अंबरसारखा मातकट रंग दोनेक दिवसांत हाताला लागेनासा होतो, टायटॅनियम व्हाइटला आठवडाही लागतो. तोवर ते चित्र एकावर एक रचता येत नाही, कपाटात सरकवता येत नाही. आडवं, मोकळं, कुठेतरी पडून राहावंच लागतं.

"पलंगाखाली किती मावतात?"

"पुढे बॅगा आहेत ना, मुलाच्या. चार मावतात. फार तर पाच."

पुढचं वाक्य माझ्या ओठांवर आलेलं होतं. ते मी गिळलं. समुपदेशकाच्या बोललेल्या वाक्यांपेक्षा गिळलेल्या वाक्यांचा हिशेब ठेवावा असं मला अलीकडे वाटतं, आणि त्या दिवशीचं माझ्या खात्यातलं मोठं आहे. बाहेर राम मारुती रोडवर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. तो थांबला. ताईंनी बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.

"म्हणजे मॅडम, उत्साह नाही संपत," त्या हळूच म्हणाल्या. "जागा संपते."

मग हसायला आलं त्यांना, आणि हसता हसता रडूही. वर्षभर स्वतःला आळशी, चंचल, धरसोड करणारी म्हणून झालं होतं. अडलं होतं ते पलंगाखाली.

अर्थात, जागा संपत होती कारण चित्र लपवायचं होतं. का लपवायचं, ते पुढच्या भेटीत निघालं. शाळेत वस्तुचित्राच्या तासाला बाईंनी त्यांचा कागद वर्गासमोर धरला होता: "हा तांब्या आहे की भोपळा?" मला भूतकाळ फार उकरायला आवडत नाही. माझी जडणघडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर झाली आहे, आणि त्या वाटेवर बाई काय म्हणाल्या यापेक्षा ताई आज स्वतःला काय म्हणतात ते महत्त्वाचं. ताई म्हणत होत्या: चित्र काढलं की ते चांगलंच यायला हवं, आणि पाहणाऱ्याला पटायलाच हवं. मराठीत आपल्याला एक सोय आहे. हट्ट कुठे दडलाय ते शोधायचं तर वाक्यातला 'च' शोधायचा. 'चांगलं यायला हवं' ही इच्छा. तिला 'च' जोडला की रोज सकाळी परीक्षा, आणि निकाल पलंगाखाली.

एलिस आपल्या माणसांना केळ्याला दोरी बांधून भर रस्त्यात फिरवून आणायला सांगायचे, लोक हसले म्हणून आपण मरत नाही हे कळावं म्हणून. ताईंना मी केळ्याऐवजी चित्र दिलं. ओलं चित्र वाळेपर्यंत हॉलमध्ये, टीव्हीच्या शोकेसवर. कुणीही आलं तरी उचलायचं नाही, खुलासा करायचा नाही.

"रविवारी वन्सं येणार आहेत," ताई म्हणाल्या.

"उत्तम."

पुढच्या भेटीत त्या खुर्चीत बसायच्या आधीच सांगायला लागल्या. वन्सं आल्या, शोकेससमोर थांबल्या, चष्मा वर केला. "अगं, हा बटाटा का?" "पेरू आहे." "हो का? बरं, माझ्या चहात साखर कमी घाल हो." संपलं. "एवढंच होतं का मॅडम ते?" ताई विचारत होत्या.

म्हणून सातत्याची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आता वेळापत्रकाला हातही लावत नाही. मी विचारते, झाल्यावर ते कुठे ठेवता? रियाज करणारा दारं बंद करून पंखा फुल्ल ठेवतो का? रोजनिशी कुलपात असते का? फेरीला जाताना सोसायटीतल्या ओळखीच्यांना चुकवून मागच्या गेटने जाता का? लपवायला रोज कष्ट पडतात, आणि ते कष्ट आपण आळसाच्या नावावर लिहितो.

चित्रं काढणाऱ्यांनी बरेचदा विचारलंय, म्हणून ताईंच्या टेबलाचं थोडं आणखी. विषय शोधण्यात सकाळ जायची, म्हणून त्यांनी महिनाभर तेच तीन जिन्नस ठेवले: स्टीलचा डबा, पेरू, निळी बरणी. इटलीतल्या बोलोन्या शहरातला चित्रकार मोरांदी (१८९०-१९६४) झोपायच्या खोलीत बसून त्याच त्या बाटल्या आणि बरण्या वर्षानुवर्षं रंगवत राहिला, तेव्हा आपल्याला एक महिना जड नाही. रंग चारपाचच: पांढरा, यलो ऑकर, क्रिमझन, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना. चाळीस मिनिटं झाली की थांबायचं, पेरू अर्धा असला तरी. बंद खोलीत टर्पेंटाइनने त्यांचं डोकं चढायचं. आता ब्रश जुन्या सुती कापडाने पुसतात, करडईच्या तेलात घोळवतात आणि साबणाने धुतात. एक मात्र लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून डब्यात कोंबू नका. त्या आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. पसरून वाळवा, मगच टाका.

दिवस चुकतात. गणपतीत त्यांचे नऊ दिवस चुकले. दहाव्या दिवशी त्या बसल्या, आणि मला वाटतं तो दिवस शोकेसच्या दिवसापेक्षा मोठा होता, कारण त्यांनी मला त्याबद्दल सांगितलंसुद्धा नाही. वहीतल्या तारखांवरून मला कळलं.

ऑक्टोबरात त्या फोल्डिंगची खुर्ची घेऊन उपवन तलावाच्या काठावर गेल्या. आपल्याकडे रस्त्यात खड्डा खणला तरी बघायला दहा जण थांबतात, इथे तर चित्र. एका शाळकरी पोराने विचारलं, "आजी, डोंगर एवढा निळा असतो का?" ताईंनी त्याला ब्रशच्या टोकाने आधी जवळचं झाड दाखवलं, मग येऊरचा कडा. मध्ये जेवढी जास्त हवा, तेवढा निळा, असं सांगितलं. पोरगा म्हणाला, "पण तुमचा जरा जास्तच झालाय." "झालाय," ताई म्हणाल्या, आणि रंगवत राहिल्या.

शेवटच्या भेटीला त्यांनी मला एक चित्र दिलं. डबा आणि पेरू. आदल्या दिवशीचं, म्हणजे ओलंच. रिक्षात मी ते दोन्ही हातांनी आडवं धरून घरी नेलं, तरी तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षा कचकन थांबली आणि माझा अंगठा डब्याच्या झाकणावर टेकला. रात्री फोन करून माफी मागितली.

"राहू दे हो," ताई म्हणाल्या. "वाळायला ठेवलंत का? कुठे ठेवलंत?"