गाय विऊन चार महिने झाले, माजावर येत नाही. माजाचं इंजेक्शन द्यावं का?

तुम्ही लिहिलंय, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीची) गाय विऊन चार महिने झाले, माज दिसत नाही, डॉक्टर इंजेक्शन देऊ म्हणतात आणि शेजारी म्हणतो त्यानं गाय कायमची बिघडते. शेजाऱ्याचं हे वाक्य मी आमच्या थोरल्या भावाच्या तोंडून सात वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

द्या. पण आधी हात घालून गाभण तपासणी करून घ्या. गाय बिघडते ती न तपासता सुई टोचल्यानं.

आमचा गोठा सांगोला तालुक्यात. तेव्हा पाच गाई होत्या. त्यातली सगळ्यात दुधाळ गाय दादानं दसऱ्याला भरवली, म्हणजे रेतन करून घेतलं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तिच्या शेपटीला सोट, म्हणजे माजात येणारा चिकट स्राव, चिकटलेला दिसला. दादा म्हणाला, उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दसरा ते लक्ष्मीपूजन वीस दिवस, त्यामुळं हिशेब त्याला पटला. सणाच्या गडबडीत पुन्हा भरवली नाही आणि कुठं लिहूनही ठेवलं नाही. मी विचारलं, दुसरी गाय अंगावर चढली तेव्हा ही उभी राहिली का, ते तरी बघितलंस? तर म्हणे, "तीस वर्षं जनावरं सांभाळतोय, मला माज कळत नाही व्हय?" गाभण गाईतही कधी कधी माजासारखी लक्षणं दिसतात, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

संक्रांत आली तरी गाय माजावर येईना. मी गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला गेलो होतो, त्या दिवशी दादानं गावोगाव इंजेक्शन देत फिरणाऱ्या एकाला बोलावलं. त्यानं हात घातला नाही, तारीख विचारली नाही, दोन मिली औषध पुठ्ठ्यात टोचलं आणि पैसे घेऊन गेला. पाचव्या दिवशी पहाटे धार काढायला गेलो तर गाईच्या मागं शेणात वीतभर वासरू पडलेलं. अंगावर केस नव्हते, पण चारी खुरं तयार होती. पिवळसर, बोटानं दाबली तर मऊ. कालवड होती. गाईचा जार (वार) अडकला, दूध निम्म्यावर आलं. दादा आजही म्हणतो, इंजेक्शननं घात केला.

दादा, इंजेक्शननं त्याचं काम चोख केलं होतं. माज उतरल्यावर बीज जिथून सुटतं तिथं बीजांडकोशावर पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडतो, तोवर गाय माजावर येत नाही. गर्भ राहिला नाही तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन सोडून तो पिंड मोडतं, नवीन बीज वाढतं, इस्ट्रोजेन हे माज आणणारं संप्रेरक चढतं आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा माज. गर्भ राहिला तर पिंड तसाच टिकतो, गर्भ त्याच्याच जोरावर वाढतो. बाटलीत तेच प्रोस्टाग्लँडिन असतं. पिंड दिसला की ते मोडणार, त्याच्या आधारावर वासरू असलं तरी.

आता तुमच्या गाईचं. हातात पिंड लागला, गर्भ नाही, तर दोन ते पाच दिवसांत माज येईल. बीजांडकोश गुळगुळीत आणि निजलेले असतील तर हेच इंजेक्शन वाया जाईल, कारण मोडायला तिथं काहीच नाही. विल्यावर दूध भरपूर आणि खाणं अपुरं असलं की गाय अशी थांबते. नुसतं उसाचं वाढं आणि कडबा घालत असाल तर आधी पेंड आणि खनिज मिश्रण सुरू करा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात माज तसाही मंद आणि तोकडा होतो, रात्री नाहीतर पहाटे येऊन जातो. पहाटे पाचला आणि रात्री दहाला अर्धा तास गोठ्यात उभे राहा. पंढरपुरी म्हशी असतील तर त्याहून जास्त, त्यांचा माज बऱ्याचदा मुका असतो, बाहेरून लक्षणं दिसत नाहीत.

माज न बघता भरवायचा कार्यक्रमही असतो: पहिल्या दिवशी जीएनआरएच (बीज सुटायला लावणारं संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि दुसऱ्या दिवशी रेतन. आम्ही नंतर चांगल्या डॉक्टरांकडून तीन गाईंना केला, एक गाभण राहिली, बाकीच्या दोन पुढच्या माजाला. तेव्हापासून दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक गाईचं लिहितो: विली कधी, माज कधी, भरवली कधी, तपासली कधी. साठ दिवसांनी तपासणी झाल्याशिवाय आमच्या गोठ्यात कुणी सुई काढत नाही. दादाला अजून ही वही म्हणजे त्याच्यावरचा अविश्वास वाटतो. वाटू दे.

माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सोट काचेसारखा स्वच्छ नसेल, पू दिसला, तर भरवू नका, आधी गर्भाशयाचा उपचार. आणि मी डॉक्टर नाही, डोस त्यांनाच ठरवू द्या. घरात कुणी बाई गर्भार असेल तर तिला ती बाटली हाताळू देऊ नका, हे औषध कातडीतून अंगात शिरतं.